गिरणगावचा गुत्ता, आतून आणि बाहेरून

गिरणगावावर, मुंबईच्या कापड गिरण्यांच्या त्या वस्तीवर, आता पुष्कळ लिहिलं जातं. भोंगा येतो, चाळीतला सामायिक नळ येतो, व्यायामशाळा, लेझीम, गणपती, भजनी मंडळं, शाहिरांचे फड, दत्ता सामंतांचा संप हे सगळं येतं. आठवणींच्या या गर्दीत गुत्ता, म्हणजे देशी दारूचं दुकान, मात्र सापडत नाही. आणि करी रोडपासून शिवडीपर्यंत, डिलाईल रोडपासून काळाचौकीपर्यंत पायी फिरलेल्या कुणालाही विचारा, गिरणीच्या गेटापासून पाच मिनिटांत पोचता येणार नाही असा गुत्ता त्या भागात नव्हता.

तो गाळला जातो याचं कारण मला कळतं. ज्यांना कामगार नकोसा होता त्यांनी त्याला सरसकट दारुडा ठरवलं, म्हणून ज्यांना तो आपला वाटत होता त्यांनी दारूचा विषयच काढला नाही. आम्हा गिरणी कामगारांच्या मुलांनी तर शिकून बाहेर पडताना ही गोष्ट घरातच ठेवली. पण ज्या जागेत दोन पिढ्यांच्या संध्याकाळी गेल्या ती वगळून त्या दोन पिढ्यांचा इतिहास लिहिता येत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. आणि लिहायचा तर दोन्ही बाजूंनी लिहायला हवा. आत बाकावर बसलेल्यांची बाजू असते, तशी बाहेर फुटपाथवर थांबलेल्यांचीही असते.

आधी आतली बाजू.

कोकणातून आणि घाटावरून आलेला माणूस मुंबईत कुठे राहायचा हे लक्षात घेतल्याशिवाय गुत्ता समजत नाही. दहा बाय बाराची खोली आणि त्यात एकाच गावचे पंधरा-वीस जण. पहिली पाळी सकाळी सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते मध्यरात्र, मग रातपाळी. खोलीत झोपायचं तेसुद्धा पाळीनेच. एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पसरायची. ट्रंक खिळ्याखाली, खिळ्यावर सदरा, आणि सदऱ्याच्या वर देवाची तसबीर, एवढी त्याची मुंबई. बायको-पोरं गावी. या माणसाला दिवसभरात एकदा तरी टेकायला जागा हवी, जिथे कुणी त्याला उठवणार नाही. इराण्याकडे चहाच्या एका कपावर किती वेळ बसणार? व्हरांड्यात बसलं तर चाळीतल्या बायका-मुलांची ये-जा. उरला गुत्ता.

साचेखात्यात, म्हणजे जिथे कापड विणलं जाई तिथे, तर दिवसभर बोलताच यायचं नाही. शेकडो माग एकदम चालू असले की शेजारच्याचा आवाज कानाशी येत नाही. खुणा करायच्या, ओठांवरून ओळखायचं. सूत तुटू नये म्हणून हवेत वाफ सोडलेली, अंगाला घाम, घशात कापूस. पाळी सुटल्यावर ही माणसं गुत्त्यात बसली की सगळी मोठ्याने बोलायची. बाहेरच्याला वाटे, भांडण जुंपलंय. भांडण नसायचं. वर्षानुवर्षं मागांजवळ उभं राहून कान मंदावलेले असायचे, त्यामुळे गावच्या म्हशीची चौकशीसुद्धा ओरडून व्हायची. माझे वडील आयुष्यभर घरातही तसेच बोलले.

मी पाहिलेल्या गुत्त्याचं दार अरुंद होतं आणि वर पाटी, 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान'. आत दोन्ही भिंतींना लाकडी बाकं, त्यांच्या मधली पत्र्याची टेबलं कडांना काळी पडलेली. गल्ल्यापुढे लोखंडी जाळी आणि जाळीला हात जाईल एवढं भोक. पैसे आत, बाटली बाहेर. देशीची नावं दोनच, नारंगी नाहीतर मोसंबी. काचेचे जाड बुडाचे ग्लास एका बादलीत बुडवून काढले की धुतले गेले. चकणा दुकानात फारसा मिळायचा नाही, तो दारातल्या फुटपाथवर. उकडलेली अंडी, तिखटमीठ लावलेले चणे, तळलेले बोंबील, कधी वजरी. एका परातीभोवती स्टोव्हचा भुरभुर आवाज आणि बोंबलाचा वास. आजही कुठे सुके बोंबील तळले जात असले की मला ते दार आठवतं.

पहिला घोट घेण्याआधी जवळजवळ प्रत्येक जण एक गोष्ट करायचा. करंगळीशेजारचं बोट ग्लासात बुडवून दोन-तीन थेंब जमिनीवर उडवायचा. कुणाचे ते गावच्या राखणदाराला, कुणाचे गेलेल्या बापाला. कोकणातला असो की साताऱ्याचा, हे चुकत नसे. एरवी जेवायला कोण कुणाशेजारी बसतं, कुणाच्या हातचं पाणी चालतं हे खोलीखोलीत ठरलेलं असायचं. गुत्त्यातल्या बादलीला ते ठरवता आलं नाही. सगळ्यांचे ग्लास तिच्यातच बुडत. यातून जात गेली असं मी म्हणणार नाही, बाहेर पडल्यावर ती तशीच होती. पण तेवढा वेळ एका बाकावर बसणं घडत होतं, हेही खरं आहे.

हे सगळं १९७३ नंतरचं. त्याआधीचा इतिहास मोठा आहे आणि तो थोडा सांगायला हवा, कारण गुत्ता आपोआप उगवला नव्हता.

गिरण्या येण्याआधी या बेटांवर माड आणि ताड होते आणि ताडी-माडी काढणारे भंडारी होते. कावसजी दावरांनी १८५४ मध्ये ताडदेवला पहिली कापड गिरणी उभारायला घेतली ती या ताडामाडांच्याच मुलखात. १८७८ च्या अबकारी कायद्याने दारू गाळण्याचा आणि विकण्याचा सगळा व्यवहार सरकारने आपल्या मुठीत घेतला. झाडाझाडावर कर बसला. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद पडल्या आणि मोठ्या मक्तेदारांचं फावलं. १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरही कायदा आला. शहराला लागणारी मोहाची दारू उरणच्या भट्ट्यांमधून येई. हा धंदा बराचसा पारशी मंडळींच्या हातात होता. दारूवाला, ताडीवाला, पीठावाला ही आडनावं त्याच काळाची खूण आहेत. सरकारच्या तिजोरीत अबकारीचा पैसा धो धो येत होता आणि तो मुख्यतः कष्टकऱ्यांच्या खिशातून येत होता.

गिरणीत माणसं भरायची ती जॉबरने. तोच कामावर घेणार, तोच काढणार, बदलीवाल्याला, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी रोजापुरता घेतलेल्याला, आज काम मिळेल की नाही तेही त्याच्याच हाती. काही जॉबर खोल्या भाड्याने देत, व्याजाने पैसे देत, कुणाची दारूच्या दुकानात भागीही असे. नोकरी टिकवायची तर जॉबरला पाजावं लागे आणि स्वतः प्यायची तीही त्याच्या ओळखीच्या दुकानात. पगाराच्या दिवशी गेटावर व्याजवाला पठाण काठी घेऊन उभा. म्हणजे माणूस गिरणीतून सुटून गुत्त्यात मोकळा होत होता हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की गिरणीचा हात कधी कधी गुत्त्यापर्यंत पोचलेला होता.

याची जाण असणारे लोक सुरुवातीपासून होते. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवून दिली. ते फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतले, आणि जोतीराव तर दारूच्या दुकानांविरुद्ध पुण्याच्या नगरपालिकेत उभे राहिलेले. पुढे ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगने १९११ पासून परळ भागात वाचनालयं आणि रात्रशाळा काढल्या. संध्याकाळ घालवायला माणसाला दुसरी एखादी जागा हवी, हे ज्यांना कळलं त्यांत मी या लोकांना सगळ्यात वर ठेवतो. नुसतं 'पिऊ नका' म्हणणारे पुष्कळ होते. खोलीत वीस माणसं झोपतात हे पाहून बाक आणि दिवा पुरवणारे थोडे.

वारकरीही होते, ते विसरून चालणार नाही. गळ्यात तुळशीची माळ घातलेला माणूस त्या दारापुढून मान खाली न घालता सरळ जायचा आणि त्याला कुणी आग्रह करत नसे. आमच्या चाळीत अर्धे माळकरी आणि अर्धे बसणारे. एकादशीच्या भजनाला मात्र दोन्ही अर्धे हजर. बसणारे त्या दिवशी बसत नसत.

मग दारूबंदी आली. एकदा १९३९ च्या ऑगस्टमध्ये, पहिल्या काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात. ती टिकली नाही. दुसऱ्यांदा १९४९ च्या कायद्याने, आणि १९५० च्या एप्रिलपासून पूर्ण. मोरारजी देसाईंचा तो काळ. उघडी दुकानं बंद झाली आणि धंदा चाळीच्या मागच्या बोळात, खाडीकाठी, गटाराच्या कडेला गेला. काळा गूळ, नवसागर, सडकी फळं. पिंपात कुजवायचं, भट्टीवर चढवायचं आणि पहाटे मोटारीच्या ट्यूबमध्ये भरून शहरात आणायचं. वडील सांगत, ट्यूब पोटाला गुंडाळून वरून लुगडं नेसलेल्या बायका लोकलने येत. पोलिसांचा हप्ता ठरलेला. धोबीतलाव-वांद्र्याकडे घरात चोरून दारू विकणाऱ्या आंट्यांचे अड्डे, आमच्याकडे नुसतं 'मागे' म्हणायचे. 'मागे जाऊन येतो.' पैसेवाल्याला मात्र डॉक्टरच्या दाखल्यावर परमिट मिळत होतं. एकाच कायद्याखाली एकाला आजार सांगून रीतसर व्हिस्की आणि दुसऱ्याला गटाराकाठची हातभट्टी, हा त्या दारूबंदीचा खरा हिशेब. तिच्यामागचा हेतू चांगला होता, गांधीजींचा होता, हे मी मनापासून मानतो. पण तिची किंमत कुणी भरली ते पाहिलं की मन खिन्न होतं.

वसंतराव नाईकांच्या काळात बंदी सैल होत गेली, आणि १९७३ च्या देशी दारूच्या नियमांनी आमच्या ओळखीचा तो गुत्ता जन्माला आला. परवाना, सीलबंद बाटली, ठरलेलं माप. मोहाची फुलं केव्हाच मागे पडली होती. आता मळीपासून काढलेला स्पिरिट. मळी साखर कारखान्यांची, ऊस सातारा-सांगली-कोल्हापूरकडचा. ज्या गावात जमीन पुरेना म्हणून माणूस लालबागला आला, त्याच गावच्या उसाची मळी बाटलीत भरून त्याच्यामागोमाग आली. आणि मूळ कायदा आजही रद्द झालेला नाही. म्हणूनच महाराष्ट्रात परमिट रूम असते, आणि कागदोपत्री आजही देशी प्यायला एक दिवसाचा परवाना लागतो, दोन रुपयांचा.

आता बाहेरची बाजू. ही मला जास्त माहीत आहे, कारण मी बाहेरच उभा असायचो.

पगाराच्या दिवशी आई मला पाठवायची. 'बाबांना म्हणावं, पाहुणे आलेत.' पाहुणे कुणी आलेले नसत, हे मला, बाबांना आणि गल्ल्यावरच्या माणसाला ठाऊक असे. आत जायचं नाही ही आईची सक्त ताकीद. मी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहायचो. फुटपाथवर माझ्यासारखी आणखी पोरं असायची आणि पदर डोक्यावरून घेतलेल्या दोन-चार बायका. त्या एकमेकींशी बोलत नसत. गिरणीच्या गेटावरही बायका थांबत, पण तिथे त्या ताठ असत. हक्काचा पगार मागायला आलेल्या असत. गुत्त्याच्या दारात तीच बाई भिंतीकडे तोंड करून उभी राही. बाबा बाहेर आले की आधी खिशातून पाकीट काढून माझ्या हातात देत, मग माझा खांदा धरून चालायला लागत. रागावत नसत. शेजारचा एक जण मात्र बोलवायला आलेल्या बायकोला रस्त्यातच मारायचा, आणि सगळा फुटपाथ दुसरीकडे बघायचा. आतल्या मोकळेपणाबद्दल वर जे लिहिलं ते खोडावं असं मला वाटत नाही. पण ते वाचताना ही बाईही दिसली पाहिजे.

बायका नुसत्या थांबल्या नाहीत. १९३० च्या कायदेभंगात मुंबईच्या बायकांनी दारूच्या दुकानांवर निदर्शनं केली, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेल्या. अलीकडे तर वॉर्डातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी कौल दिला की दुकान बंद, हा नियमच झाला. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. गावोगाव आडव्या बाटलीसाठी बायका रांगा लावून उभ्या राहिल्या. एक लक्षात घ्या, निम्म्या म्हणजे मतदान करणाऱ्यांतल्या नव्हे, यादीतल्या एकूण महिलांतल्या निम्म्या. आमदाराला निवडून यायला एवढं लागत नाही.

आणि खानावळवाल्या. गुत्त्याची सगळ्यात जवळची नातेवाईक खानावळ, कारण एकाच पगारावर दोघांचा दावा. दहा-वीस गड्यांचा दोन वेळचा स्वयंपाक एका शेगडीवर करणारी बाई. महिनाभर उधारीवर जेवू घालायचं आणि पगाराच्या दिवशी आपले पैसे गुत्त्याच्या आधी वसूल होतील का या घोरात दिवस काढायचा. वाण्याची उधारी, सावकाराचं व्याज तिच्या डोक्यावर. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेकडून कर्ज मिळवून दिलं. गिरणगावातल्या संघटनांची नावं घेताना लोक कम्युनिस्टांचा लाल बावटा सांगतात, आणि सांगायलाच हवा. मी त्याच्या शेजारी अन्नपूर्णेचं नाव घेतो.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख माणसं घरी बसली. सुरुवातीच्या महिन्यांत गुत्ते भरलेले होते, बातम्या तिथेच कळत. कुठल्या गिरणीत कोण आत गेला, डॉक्टर सामंत काल सभेत काय म्हणाले. मग उधारी बंद झाली. मग माणसं गावी गेली. गुत्ता ओस पडलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. दारातल्या परातीही उठल्या. जे मागे राहिले त्यांच्यातले काही जण नंतर दिवसाढवळ्या आत दिसायला लागले आणि त्यांची बडबडही थांबली होती. ते पिणं निराळं होतं. पाळी सुटल्यावरचं पिणं आणि पाळीच न उरल्यावरचं पिणं यांत मला जमीन-अस्मानाचं अंतर दिसतं, आणि त्या दुसऱ्या पिण्याने आमच्या मजल्यावरची तीन घरं मोडली. त्याचा दोष मी बाटलीला एकटीला द्यायला तयार नाही.

पुढचं सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या करायची वाट काढली. फिनिक्स मिलची चिमणी राहिली, तिच्या पायथ्याशी मॉल आला. गिरण्यांच्या आवारांत पब आले, त्यांच्या सजावटीला जुन्या विटा आणि लोखंडी तुळया. तिथे जाणाऱ्या मुलांवर माझा राग नाही; तीही दिवसभर राबून संध्याकाळी टेकायलाच येतात. कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवर २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर आग लागली आणि १४ माणसं गेली, तेव्हा टीव्हीवर ते गेट बघताना मला धुरात कोंडलेली ती पोरंच दिसत होती. आणि गरिबाची दारू गरिबाबरोबर उपनगरांत सरकली. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त लोक मेले. त्या बातम्या काही दिवसांत विरल्या.

आमच्या भागातले देशीचे परवाने एकेक करून बंद झाले किंवा दुसरीकडे गेले. मी पाहिलेल्या त्या दाराच्या जागी आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. जुन्या बसणाऱ्यांतले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके हयात असतील.

खानावळवाली एक मावशी अजून आहे, नव्वदीच्या घरातली, आमच्या जुन्या चाळीच्या जागी झालेल्या टॉवरमध्ये नातवाकडे राहते. मध्यंतरी तिच्याकडे बसलो होतो. कोण किती प्यायचा ते तिला नावानिशी आठवत होतं, कुणी किती बुडवले तेही. मी विचारलं, दुसऱ्या पाळीचे गुत्त्यावरून रात्री एक वाजता यायचे, त्यांच्यासाठी तू जागी का राहायचीस? डबा झाकून ठेवून झोपायचंस.

"अरे, गार भाकरी पिणाऱ्याच्या घशाखाली उतरत नाही," ती म्हणाली. "तशीच टाकून झोपायचे मेले. सकाळी पोटात आग. मग पाळीला खाडा, आणि खाडा झाला की माझे पैसे कुठून देणार? म्हणून तवा ठेवायचे गरम. आधी जेवा म्हणायचे, हिशेब मग."

तिने मग तो हिशेबही सांगितला. कणकवलीकडचा एक जण संपात गावी गेला तो परतलाच नाही, त्याचे चार महिन्यांचे राहिलेत. तुझ्या बाबांचे काही नाहीत, असं तिने मला दोनदा सांगितलं.